स्कीमॅटिक संपल्यावर आम्हाला बोलावू नका

कन्व्हर्टर डिझाइन करणाऱ्या सर्व मंडळींना, उत्पादन विभागातून एक खुलं पत्र

मंडळी,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मी एक तीन किलोवॅटचा कन्व्हर्टर, म्हणजे विजेचं रूप किंवा व्होल्टेज बदलून देणारा डबा, उघडून टेबलावर ठेवला. तो बिघडलेला नव्हता. तो बनताना त्याला किती वेळा माणसाचा हात लागतो, एवढंच मला मोजायचं होतं. झाकणाचे सोडून आत २८ स्क्रू निघाले. त्यातल्या १२ स्क्रूंना ठरलेला टॉर्क, तोही ठरलेल्या क्रमाने. क्रम चुकला की हीटसिंकखालचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालचा) पॅड एका कडेला जास्त दाबला जातो. आठ ट्रान्झिस्टर, प्रत्येकाचे पाय फिक्स्चरमध्ये वाकवून बोर्डात घातलेले. दोन चोक आणि एक ट्रान्सफॉर्मर, तिन्ही हाताने गुंडाळलेले. चार जाड वायरी हाताने सोल्डर केलेल्या. एका उंच कॅपॅसिटरच्या बुडाशी सिलिकोनचा गोळा, कारण त्याशिवाय तो कंपनात टिकला नव्हता.

याच कन्व्हर्टरचं स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, समोर भिंतीवर लावलेलं होतं. एक कागद, सुबक, आठ स्विच समोरासमोर. टेबलावरचा पसारा आणि भिंतीवरचा कागद यांचं नातं काय, असं बाहेरच्या कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं.

मी वीसेक वर्षं लाइनवर काढली आहेत. तुमच्या चुका काढायला हे पत्र लिहीत नाही. टोपॉलॉजी (सर्किटची मूळ मांडणी), कंट्रोल, कार्यक्षमता यांत तुम्ही आमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणता. माझं भांडण क्रमाशी आहे. आधी सर्किट, मग भाग, मग बोर्ड, मग थर्मलवाला, मग डबेवाला आणि सगळ्यात शेवटी आम्ही, असा हा वरातीमागून घोडा येतो. तोवर बदलता येण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. कन्व्हर्टरच्या एकात्मिक उत्पादनावर बैठकांमध्ये तास तास बोललं जातं, पण या क्रमात ते होणं शक्यच नाही.

कसं, ते सांगतो.

एका कन्व्हर्टरच्या पोटात चार वेगळे कारखाने असतात. चिप आणि तिचं पॅकेज बनवणारा पहिला. बोर्ड बनवून त्यावर भाग बसवणारा दुसरा. तांबं गुंडाळणारा आणि फेराइटचे चुंबकीय गाभे सांभाळणारा तिसरा. हीटसिंक, बसबार (करंट नेणारी जाड पट्टी), डबा अशी धातूची कामं करणारा चौथा. चिपवाला मायक्रॉनमध्ये बोलतो, बोर्डवाला मिलिमीटरच्या दशांशात, आणि डबेवाला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी हसून सोडून देतो. हे चौघं जिथे भेटतात तिथे एक सांधा तयार होतो: स्क्रू, पॅड, ग्रीस, वायर, सोल्डर. माझ्या वहीतले बहुतेक बिघाड याच ठिकाणांचे आहेत. चिप स्वतःहून मेली असं क्वचितच घडतं. तिला मारतो तो शेजारचा सांधा.

एकात्मिक उत्पादन म्हणजे लहान डबा, असा समज रूढ झालाय. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की एका थराकडून दोन-तीन कामं करून घ्यायची. तांब्याचा एकच पत्रा करंट नेईल, उष्णता पसरवेल आणि सांगाडाही धरेल. आणि तो बाकीच्यांशी एकाच प्रक्रियेत जोडला जाईल. सांधे कमी होतात. डबा लहान होतो तो त्यामुळे.

आता तुमच्याच भाषेत येतो. तारेच्या दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, हा ढोबळ हिशोब तुम्हालाही ठाऊक आहे. टीओ-२४७ या नेहमीच्या ट्रान्झिस्टर पॅकेजचे पाय, ट्रॅक आणि डीसी लिंकचा (आतल्या डीसी पुरवठ्याचा) कॅपॅसिटर मिळून करंटचा २० नॅनोहेन्रीचा फेरा सहज होतो. करंट नॅनोसेकंदाला अर्ध्या अँपिअरने बदलत होता तोवर त्या फेऱ्यावर १० व्होल्ट पडत, कुणी लक्षही देत नसे. सिलिकॉन कार्बाइडचा स्विच नॅनोसेकंदाला ५ अँपिअरने बदलला की तिथेच १०० व्होल्टचा काटा उभा राहतो. ट्रान्झिस्टरच्या पाठीचा पत्रा आणि हीटसिंक यांच्यामध्ये पातळ पॅड असतो, तोही एक कॅपॅसिटरच. तो १०० पिकोफॅरडचा धरला आणि व्होल्टेज नॅनोसेकंदाला ५० व्होल्टने चढलं, तर ५ अँपिअर हीटसिंकमध्ये शिरतात. हे दोन्ही भाग तुमच्या स्कीमॅटिकवर काढलेले नसतात. ते आम्ही बनवतो, स्क्रू आवळताना.

मग होतं काय? चाचणीत काटे दिसतात, तुम्ही गेट रेझिस्टर वाढवता, वेग उतरतो, काटे शमतात, अहवाल सही होऊन जातो. महाग स्विच त्याच्या वेगासाठी घेतला आणि तो वेग आपणच मारला. पॅकेज आणि बोर्ड जुन्या घडणीचे ठेवून नवी चिप वापरण्याचा हा दंड आहे, आणि तो दर नगामागे भरला जातो.

यावरचे उपाय नवे नाहीत. चिप बोर्डाच्या थरांमध्येच पुरायची, वरून लेझरने बारीक छिद्रं पाडायची, ती तांब्याने भरायची आणि जाणारा करंट येणाऱ्या करंटच्या अगदी डोक्यावरून परत न्यायचा. चिपला जोडणारी बाँड वायर गेली, पाय गेले, फेरा दोन-चार नॅनोहेन्रीवर आला. जनरल इलेक्ट्रिकने पॉवर ओव्हरले नावाने केलं तेही याच जातीचं: चिपांवर पॉलिइमाइड या प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यात छिद्रं, वर तांबं. मात्र यात एक मेख आहे. अशा रचनेत चिप कुठे बसणार हे ठरतं त्याच क्षणी बोर्डाचे थर, थंड करण्याची बाजू, कॅपॅसिटरची जागा आणि चाचणीचे बिंदू हेही ठरतात. सगळं एका कागदावर, एका दिवशी. ‘पॅकेजिंगचं नंतर बघू’ हे वाक्य तिथे बोलताच येत नाही.

सांध्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला झोपेतून उठवणारे फोन त्याच्यामुळे येतात.

सिलिकॉन तापलं की अंशामागे दशलक्षात सुमारे ३ भागांनी वाढतं. अ‍ॅल्युमिनियम २३ भागांनी. नेहमीच्या पॉवर मॉड्यूलमध्ये, म्हणजे अनेक चिपा एकत्र बसवलेल्या पॅकेजमध्ये, सिलिकॉनच्या वरच्या बाजूवर अ‍ॅल्युमिनियमची जाड तार अल्ट्रासॉनिक लहरींनी घासून चिकटवलेली असते. तापमान ८० अंशांनी वर-खाली झालं की १० मिलिमीटर लांबीवर दोघांमध्ये १६ मायक्रॉनचा फरक पडतो. तारेचं पाऊल १० मिलिमीटरचं नसतं हे मान्य. पण ताण लांबीवर अवलंबून नसतो, आणि गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये हा चढउतार दर ट्रॅफिक सिग्नलला होतो. लाखो वेळा. पावलाच्या कडेला भेग सुरू होते, आत सरकते आणि एक दिवस तार उचलली जाते. तिचा करंट शेजारच्या तारा घेतात, त्या जास्त तापतात, मग त्याही जातात. उघडून पाहिलं तर चिपवर जळाल्याचा डाग दिसतो आणि अहवालात ‘चिप फेल’ असं लिहिलं जातं. खरा गुन्हेगार सुटतो.

चिपच्या खाली सोल्डर असतं. बिनशिशाचं नेहमीचं सोल्डर, म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं, २१७ अंश सेल्सियसला वितळू लागतं. आता चिप १५० अंशांवर चालवा. केल्विनमध्ये मोजलं तर ते सोल्डर त्याच्या वितळण्याच्या तापमानाच्या ८६ टक्क्यांवर उभं आहे. कुठलाही धातू तिथे घन असला तरी मनाने अर्धा द्रवच असतो, आणि हळूहळू सरकत राहतो. म्हणून चांदीचं सिंटरिंग आलं. अतिबारीक चांदीच्या कणांची पेस्ट छापायची, वाळवायची, चिप ठेवायची आणि २३० ते २५० अंशांवर १० ते ३० मेगापास्कल दाबाने काही मिनिटं दाबायची. कण वितळत नाहीत, एकमेकांत रुजतात. झालेला थर शुद्ध चांदीचा, ९६१ अंशांपर्यंत न वितळणारा. त्याच १५० अंशांवर तो स्वतःच्या वितळणबिंदूच्या जेमतेम ३४ टक्क्यांवर असतो. उष्णताही सोल्डरच्या कितीतरी पट चांगली नेतो.

हे वाचून तुम्ही पुढच्या ड्रॉइंगवर ‘सिल्व्हर सिंटर’ असं लिहाल आणि पाठवून द्याल, याची मला भीती आहे. मेगापास्कलमधला तो दाब चिपवर येतो. शेजारी तिच्याहून उंच भाग आधीच बसवलेला असेल तर दाबणारा ठोकळा त्याच्यावर टेकेल. खालचा सिरॅमिक थोडा जरी वाकडा असेल तर तडकेल. चिपच्या पाठीवर चांदी किंवा सोन्याचा मुलामा हवा, तो चिप मागवतानाच सांगायला लागतो. म्हणजे सिंटर करायचं की नाही हा प्रश्न माझ्याकडे येईपर्यंत त्याचं उत्तर खरेदी विभागाने देऊन टाकलेलं असतं.

दुसरी गोष्ट उतरंडीची. सगळ्यात मोठं मडकं तळाला, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. कन्व्हर्टर जोडताना तापमानाची अशीच उतरंड रचावी लागते. तळाला सिरॅमिकवर चिकटवलेलं तांबं: तांबं आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण १०६५ अंशांना, म्हणजे तांबं स्वतः वितळण्याच्या थोडं आधी, पातळ होतं आणि तापमानाच्या त्याच फटीत हा सांधा जमतो. मग सिंटर. मग सोल्डर. मग १५०च्या आसपास पिकणारे चिकट पदार्थ आणि शेवटी जेल. प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून थंड हवी, नाहीतर आधी बसवलेलं हलतं. तुम्ही डिझाइन जवळपास संपल्यावर ‘एक छोटा सेन्सर बेसप्लेटवर सोल्डर करा’ असं सांगता, तेव्हा उतरंडीच्या मधल्या मडक्यात काहीतरी ठेवायला सांगत असता.

सिरॅमिकची निवडही अशीच आमच्या गळ्यात येते. अ‍ॅल्युमिना मीटर-केल्विनमागे सुमारे २४ वॅट नेतो आणि स्वस्त आहे. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड १७०च्या पुढे नेतो, पण ठिसूळ. सिलिकॉन नायट्राइड दोघांच्या मध्ये आणि चिवट, त्यामुळे त्यावर जाड तांबं चढवता येतं आणि ते जाड तांबंच उष्णता आधी बाजूला पसरवतं. डेटाशीटमधला सर्वांत मोठा आकडा पाहून सिरॅमिक निवडणाऱ्यांना जाड तांब्याचा हा फायदा कधीच दिसत नाही, कारण तो त्या रकान्यात छापलेला नसतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं संशोधनातलं, आपल्याला कशाला? म्हणून थोडा इतिहास, भराभर. जर्मनीच्या सेमिक्रोन कंपनीने इन्सुलेशन आतच असलेलं मॉड्यूल १९७५ मध्ये बाजारात आणलं. एका निर्णयात अभ्रकाचे तुकडे आणि प्लॅस्टिकचे वॉशर अशी भानगड संपली. १९८०च्या दशकात व्हायकॉरने डीसी-डीसी कन्व्हर्टर ‘ब्रिक’ या ठरलेल्या मापात विकायला सुरुवात केली, आणि पुढे याच कंपनीने पूर्ण पॅनेल साच्यात भरून नंतर करवतीने कन्व्हर्टर कापून काढण्यापर्यंत मजल मारली, चिपवाले वेफर कापतात तसे. १९९८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात फ्रेड ली यांच्या नेतृत्वाखाली सेंटर फॉर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स सिस्टिम्स उभं राहिलं, ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्स एकात्मिक मॉड्यूलच्या रूपात घडवायचं हाच विचार घेऊन. २००७च्या लेक्सस एलएस ६००एच या हायब्रिड गाडीत चिपा दोन्ही बाजूंनी थंड केल्या गेल्या. वरची बाजू तारांनी अडवलेली नसेल तरच हे जमतं. टेस्लाच्या मॉडेल ३च्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडची २४ छोटी पॅकेजं ओळीने बसवून त्यांची टोकं बसबारला लेझरने वेल्ड केली आहेत. तिथे स्क्रू शोधून पाहा.

मॅग्नेटिक्सकडे, म्हणजे चोक आणि ट्रान्सफॉर्मरकडे, येतो, कारण एकात्मिकतेच्या गप्पांत ते नेहमी मागे राहतं आणि डब्यातली सगळ्यात मोठी जागा मात्र तेच खातं.

हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल मला आदर आहे. चांगली गुंडाळणारी व्यक्ती तारेचा ताण बोटांनी ओळखते. पण दोन चांगल्या व्यक्तींचे दोन ट्रान्सफॉर्मर सारखे नसतात, आणि एकाच व्यक्तीचे सकाळचे आणि संध्याकाळचेही नसतात. फरक पडतो तो लीकेज इंडक्टन्समध्ये, म्हणजे एका गुंडाळीतून दुसरीत न पोचणाऱ्या चुंबकीय भागात. साध्या फॉरवर्ड कन्व्हर्टरमध्ये ते चालून जायचं. तुम्ही एलएलसी रेझोनंट सर्किट (इंडक्टर आणि कॅपॅसिटर यांच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास चालणारं) घेता आणि पैसे वाचवायला वेगळा इंडक्टर न लावता ट्रान्सफॉर्मरचं लीकेजच रेझोनन्सला वापरता. कागदावर ते एकात्मिकच आहे, एक भाग वाचला. लाइनवर मात्र रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी गुंडाळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून राहिली. मग आम्ही काय करतो? ट्रान्सफॉर्मर मोजून तीन खोक्यांत वेगळे करतो आणि खोक्याप्रमाणे कॅपॅसिटर लावतो. हे कुठल्याच ड्रॉइंगवर नाही.

गुंडाळी बोर्डातच कोरली तर हा प्रश्न जवळजवळ नाहीसा होतो. थरांमधलं अंतर बोर्डवाला सांभाळतो, तांब्याची रुंदी रसायन ठरवतं. पहिला आणि हजारावा नग सारखे. १०० किलोहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागापासून साधारण ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच मुख्यतः वाहतो, त्यामुळे ३५ किंवा ७० मायक्रॉनचा पातळ थर इथे उलट उपयोगी पडतो. फेराइटचा कोअर सपाट असल्याने त्याच्या पाठीवरून उष्णता काढता येते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिसरा कारखाना दुसऱ्यात विलीन होतो.

तोटेही लिहितो, नाहीतर उद्या तुम्ही सगळंच बोर्डात कोरायला पाठवाल. थर समोरासमोर सपाट पसरल्याने प्रायमरी आणि सेकंडरी या दोन गुंडाळ्यांमधली कपॅसिटन्स वाढते आणि ती विजेचा गोंगाट पलीकडे नेते. कोअरच्या खिडकीतली मोठी जागा इपॉक्सी आणि काचतंतूच व्यापतात, तांब्याला थोडीच उरते. बारा थरांचा जाड तांब्याचा बोर्ड फक्त ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्यापुरता लागतो, पण पैसे संपूर्ण बोर्डाचे जातात. म्हणून मॅग्नेटिक्सचा वेगळा छोटा बोर्ड करून तो मुख्य बोर्डावर बसवायचा, ही अर्धवट वाटणारी तडजोड मला बरेचदा पूर्ण उपायापेक्षा शहाणपणाची वाटते. याच्याही पुढे जाऊन डायइलेक्ट्रिकच्या (विद्युतरोधक थराच्या) दोन्ही बाजूंना गुंडाळी कोरून इंडक्टर आणि कॅपॅसिटर एकाच वस्तूत घडवण्याचं काम दक्षिण आफ्रिकेत, तेव्हाच्या रँड आफ्रिकान्स विद्यापीठात, व्हॅन वाइक आणि फेरेरा यांनी केलं. कल्पना देखणी आहे. मोठ्या लाइनवर ती अजून मला दिसलेली नाही, पण तिने एक सवय लावली: भाग मोजण्याऐवजी जागेत ऊर्जा कुठे साठते ते बघण्याची.

एक फजितीही सांगतो, यात आमचीच चूक होती. कॉमन मोड चोकचा डबा मऊ सिलिकोनऐवजी कडक इपॉक्सीने भरायचं आम्ही परस्पर ठरवलं, कंपनात टिकावा म्हणून. इपॉक्सी पिकताना आक्रसलं, फेराइट चहूबाजूंनी दाबलं गेलं आणि इंडक्टन्स उतरला. ईएमआयची (बाहेर जाणाऱ्या विद्युतचुंबकीय गोंगाटाची) चाचणी नापास. तुम्ही पंधरा दिवस फिल्टरच्या गणितात शोधत होतात, आणि कारण आमच्या ओव्हनमध्ये होतं. तेव्हा जे डोळे उघडायचे ते दोन्ही बाजूंचे.

उंचीबद्दल तुम्ही कधीच विचार करत नाही, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. बोर्डावर लांबी-रुंदीचं गणित तुम्ही दशांशापर्यंत करता. पण ४५ मिलिमीटरचा एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मध्येच उभा, शेजारी २ मिलिमीटरचे भाग, पलीकडे २० मिलिमीटरचा चोक. डब्याची उंची त्या एकट्याने ठरवली आणि बाकीच्यांच्या डोक्यावर नुसती हवा. कन्व्हर्टरच्या घनफळातला मोठा वाटा हवेचाच असतो, आणि हवा उष्णता नेण्यात सगळ्यात आळशी. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पॉवर सँडविच’ म्हणून मांडलेली रचना याच्या नेमकी उलट आहे: सगळे भाग ठरावीक एकाच उंचीचे घ्यायचे, दोन सपाट थरांमध्ये दाबायचे आणि वर-खाली दोन्हीकडून थंड करायचं. एक मोठा कॅपॅसिटर न घेता चार आडवे घ्या, असं आम्ही सांगतो तेव्हा तुम्ही भागांची संख्या वाढल्याची तक्रार करता. मशीनने बसवलेले चार भाग हाताने बसवलेल्या एकापेक्षा स्वस्त पडतात, हे खरेदीच्या तक्त्यात दिसत नाही.

आणि सिरॅमिक कॅपॅसिटर. त्याचा बाणा ‘मोडेन पण वाकणार नाही’. तुम्ही तो बोर्डाच्या कडेला, पॅनेल (एकत्र बनलेल्या बोर्डांची मोठी पाटी) तोडायच्या रेषेला काटकोनात ठेवलात. पॅनेल तोडताना बोर्ड किंचित वाकला, कॅपॅसिटरच्या टोकाखाली केसाएवढी तिरकी भेग पडली. चाचणीत पास. सहा महिन्यांनी ओलावा आत शिरला आणि डीसी लिंकवर शॉर्ट. रेषेला समांतर आणि चार-पाच मिलिमीटर आत ठेवला असता तर काहीच झालं नसतं. हा बदल लेआउटमध्ये दहा सेकंदांचा होता. लाइन चालू झाल्यावर त्याला पूर्ण मंजुरीची साखळी परत फिरवायला लागली.

माझ्याच बाजूच्या लोकांनाही दोन शब्द. एकात्मिकतेचा भक्तिमार्ग मला मान्य नाही. वीस पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी ९९ टक्के नग चांगले देत असेल, तर शेवटी ८२ टक्केच हातात येतात. सुट्या भागांच्या कन्व्हर्टरमध्ये खराब भाग काढून नवा लावता येतो. चिप बोर्डात पुरल्यावर एकोणिसाव्या पायरीची चूक आधीच्या अठरा पायऱ्यांसकट कचऱ्यात जाते. त्यामुळे पुरण्याआधी चिपची पूर्ण चाचणी आणि मधल्या थरांवर तपासणीचे बिंदू हवेत, आणि त्यांना बोर्डावर जागा लागते. ती जागाही तुम्हीच द्यायची.

दुरुस्तीबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. पंखा आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर यांना आयुष्य मोजून मिळालेलं आहे; कॅपॅसिटरचं तर दर १० अंश जास्त तापमानाला साधारण निम्मं होतं. अशी झिजणारी वस्तू इपॉक्सीच्या ठोकळ्यात चिणून ठेवायची आणि तिच्यासाठी चांगल्या चिपा, तांबं, फेराइट सगळं फेकून द्यायचं, याला मी हात लावायला तयार नाही. झिजणारं बाहेर, सुटं, चार स्क्रूंवर. तिथे स्क्रू मला चालतो. टिकणारं आत, एकजीव. ही सीमारेषा कुठे ओढायची हा कन्व्हर्टरच्या डिझाइनमधला फार मोठा निर्णय आहे आणि आजवर तो निर्णय म्हणून कुणी घेतलेला मी पाहिला नाही. तो आपोआप पडतो.

तांब्याचे थ्रीडी प्रिंट केलेले हीटसिंक मागणाऱ्या मंडळींना जाता जाता: तांबं नेहमीच्या अवरक्त लेझरचा बहुतेक प्रकाश परतवून लावतं, म्हणून तर हिरव्या लेझरची मशीनं आली. नमुन्यासाठी जरूर मागवा. हजार नगांसाठी आधी साध्या पिन-फिनच्या पाटीचा भाव घ्या.

गुगल आणि आयईईई (विद्युत अभियंत्यांची संघटना) यांनी २०१४ मध्ये लिटल बॉक्स चॅलेंज जाहीर केलं: २ किलोव्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर ४० घन इंचांच्या आत बसवा, बक्षीस दहा लाख डॉलर. जिंकणाऱ्या बेल्जियन संघाने तो त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही लहान करून दाखवला. आपल्याकडे त्यानंतर प्रत्येक सादरीकरणात घन इंचामागे किती वॅट हाच आकडा पहिला येतो. मला त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे हवे आहेत: सांधे किती, त्यातले हाताने किती, आणि उतरंडीत पायऱ्या किती. हे तिन्ही आकडे पहिल्या आठवड्यात काढता येतात. त्यासाठी सिम्युलेशन लागत नाही, पेन्सिल पुरते.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या प्रोजेक्टमध्ये टोपॉलॉजी नक्की करायच्या आधी एक बैठक घ्या. स्कीमॅटिक आणू नका, भागांच्या उंचीची यादी आणि उष्णता कुठल्या बाजूने बाहेर काढायची याचा साधा आडवा छेद आणा, पेन्सिलने काढलेला चालेल. बोर्डवाला, मॅग्नेटिक्सवाला आणि खरेदीतलं एक माणूस यांना बसवा. त्या छेदावर प्रत्येक सांध्याला आपण क्रमांक देऊ आणि प्रत्येकासमोर त्याचं द्रव्य, जोडण्याचं तापमान आणि जबाबदार माणसाचं नाव लिहू. ज्या सांध्यासमोर कुणाचंच नाव येणार नाही, तो त्याच बैठकीत खोडता येतो का ते पाहू.

ते २८ स्क्रू मी एका डबीत भरून ठेवले आहेत. बैठकीला घेऊन येतो. प्रत्येक स्क्रू टेबलावर ठेवून विचारेन, हा कशासाठी? ज्याचं उत्तर ‘मागच्या मॉडेलमध्ये होता’ असं येईल, तो परत डबीत टाकू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
उत्पादन विभागातला एक